माळव्याची जमीन आली, हवा यायची आहे

ग्लायडरला इंजिन नसते. तापलेल्या जमिनीवरून वर चढणारी हवा, म्हणजे थर्मल, हेच त्याचे इंधन. म्हणून ग्लायडिंगच्या सिम्युलेटरमध्ये जमीन नुसती देखणी असून भागत नाही. खालच्या जमिनीनुसार वरची हवा बदलायला हवी. गेल्या वीस वर्षांत सिम्युलेटर घडवण्याच्या कलेने देखाव्यात मोठी मजल मारली, हवेत मात्र ती मागे राहिली, असे माझे स्पष्ट मत आहे. हे मत तपासायला उज्जैनइतकी चांगली जागा क्वचितच सापडेल.

या क्षेत्रातले मानाचे नाव म्हणजे स्लोव्हेनियात जन्मलेला ‘कॉन्डॉर’. पहिली आवृत्ती 2005 ची. आपापल्या मुलुखाची दृश्यभूमी तयार करण्याची वाट हौशी लोकांना मोकळी झाली, हे त्याचे मोठे श्रेय. उंचीची आकडेवारी, उपग्रहचित्रे, जंगलांचा नकाशा आणि कोणती जमीन किती तापते हे सांगणारा थर्मल नकाशा, एवढ्यावर एक प्रदेश उभा राहतो. उंचीच्या आकड्यांचा मोठा आधार म्हणजे फेब्रुवारी 2000 मध्ये ‘एन्डेव्हर’ यानाने अकरा दिवसांच्या मोहिमेत केलेले रडार सर्वेक्षण. आल्प्ससाठी ते उत्तम चालते, कारण तिथे दोन-तीन हजार मीटरच्या चढउतारांत दहा मीटरची चूक कोणाच्या लक्षातही येत नाही.

उज्जैनला ती लक्षात येते. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 490 मीटरवर आणि भोवतालचा माळवा जेमतेम काही दहा मीटरांनी वरखाली होणारा. रडारला झाडांचे शेंडे आणि घरांची छपरेही जमीनच वाटतात. सर्वेक्षणाला उंचीत 16 मीटरपर्यंतची चूक मान्य होती. परिणामी आमराईची टेकडी होते आणि क्षिप्रेचा काठ बुजतो. उज्जैनजवळच्या दताना-मतानाच्या धावपट्टीभोवतीची जमीन हाताने सपाट केल्याशिवाय तिथे विश्वासाने उतरता येणार नाही.

रंगांचा प्रश्न याहून अवघड आहे. पावसाळ्यात ढग आणि उन्हाळ्यात धूळ, त्यामुळे आपल्याकडची स्वच्छ उपग्रहचित्रे बहुधा हिवाळ्यातली असतात. त्यांत माळवा गहू-हरभऱ्याने हिरवागार दिसतो. ग्लायडरला खरी उंची मिळते ती एप्रिल-मेमध्ये, कापणी उरकून काळी माती उघडी पडल्यावर. ओलिताच्या हिरव्या शेतात उन्हाची बरीच शक्ती पाण्याची वाफ करण्यात जाते. कोरडी, उघडी काळी माती ते ऊन शोषते आणि वरची हवा तापवते. म्हणजे जानेवारीच्या चित्रावरून मेचा थर्मल नकाशा काढला, तर एकाच शेताबद्दलचे उत्तर थेट उलटे येते. हा दोष किरकोळ नाही. वैमानिकाने खाली पाहून निर्णय घ्यायचा, हा या खेळाचा गाभा आहे आणि इथे जमीनच त्याची दिशाभूल करते.

सूर्याचेही तसेच. डोंगराळ युरोपात वाढलेल्या थर्मलच्या कल्पनेत उन्हाकडे तोंड केलेल्या उताराला फार महत्त्व. स्लोव्हेनियात 21 जूनलाही दुपारचा सूर्य 67 अंशांच्या आसपासच चढतो. उज्जैन कर्कवृत्ताला जवळजवळ टेकलेले. त्या दिवशी तिथल्या सवाई जयसिंहाच्या वेधशाळेतल्या शंकूची सावली मध्यान्ही नाहीशी होते. इथे उन्हाळ्यातल्या भर दुपारी सगळेच उतार जवळपास सारखे तापतात. फरक पडतो तो मातीचा रंग, ओल आणि पीक यांमुळे. कॉन्डॉरमध्ये सपाट जमिनीवरच्या थर्मलसाठी एक वेगळी कळ आहे, पण ती सगळ्या सपाटीला एकाच मापाने मोजते. माळव्यात दोन शेजारची शेतेसुद्धा सारखी नसतात.

तापमान आणि दवबिंदू यांच्यातल्या फरकाला 125 ने गुणले की ढगांच्या तळाची जमिनीपासूनची उंची मीटरमध्ये मिळते, हा ग्लायडरवाल्यांचा ठोकताळा. मे महिन्यात 41 आणि 11 अंश धरले तर 3,750 मीटर! एवढ्या कोरड्या हवेत कित्येकदा ढग धरतच नाहीत. मग खूण उरते ती घारींची, शेतात उठलेल्या वावटळीची. तापलेली हवा कुठून सुटेल हे बांध, डांबरी रस्ता, गावाची पत्र्याची छपरे ठरवतात. थर्मल कुठे सुटतो याचा इतका बारीक विचार मला कुठल्याही प्रचलित सिम्युलेटरमध्ये दिसला नाही.

‘मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर’मध्ये नोव्हेंबर 2022 पासून ग्लायडर आहेत आणि उडायला सारी पृथ्वी आहे. भव्यतेत त्याला तोड नाही. पण 2020 च्या त्या आवृत्तीत शेताचे उपग्रहचित्र बारा महिने तेच राहते.

जुने चित्र किती फसवते हे पुणेकरांना सांगायला नको. हडपसरला सरकारी ग्लायडिंग केंद्र 1950 पासून आहे. त्याच हडपसरात मगरपट्ट्याची शेती गेली आणि तिथे इमारती व डांबर आले. तिथला थर्मल नकाशा जुन्या चित्रावरून काढला, तर तो आज चुकीचाच ठरेल.

उज्जैनची दृश्यभूमी करायला बसणाऱ्याला महाकालाच्या शिखरापासून सुरुवात करण्याचा मोह होईल. माझी विनंती अशी, की शिखर नंतर करा. आधी जानेवारी, मे आणि सोयाबीन काढल्यानंतरचा ऑक्टोबर, असे तीन वेगळे थर्मल नकाशे काढा आणि ते काढताना माळव्यातल्या शेतकऱ्याला शेजारी बसवा.