‘शुद्ध’ या विशेषणाची व्याप्ती

ओझोन विरघळविलेल्या पाण्याच्या वर्णनात ‘शुद्ध’ हे विशेषण योजणे कितपत युक्त आहे, हे तपासून पाहावयास हवे. ‘स्वच्छ’ म्हणजे मळ नसलेले. ‘निर्जंतुक’ म्हणजे जिवंत जंतू नसलेले. ‘शुद्ध’ हा शब्द दोहोंना कवेत घेतो आणि ती अवस्था टिकेल, असेही सुचवितो. शोनबाइन याने १८४० मध्ये या वायूला दिलेले नाव मात्र ‘वास येणे’ या अर्थाच्या ग्रीक धातूवरून आलेले आहे. त्यात शुद्धीचा दावा नाही.

ओझोन जंतूंचा त्वरेने नाश करतो. परंतु मळ आधी घासून काढला नाही, तर तो मळावरच खर्ची पडतो. शिवाय पाण्यात तो थोड्याच वेळात विघटित होऊन त्याचा प्राणवायू होतो.

बीड जिल्ह्यात हा अर्थभेद कोशापुरता राहत नाही. २०१९ च्या अवर्षणात तेथील अनेक गावे टँकरवर अवलंबून होती. रांजणात साठविलेले असे पाणी भांडे बुडविताना पुन्हा दूषित होऊ शकते. तेथे लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम उरलेले क्लोरीन राखण करते. ओझोन उरत नाही. म्हणून ओझोनच्या पाण्यास ‘तत्काळ जंतुनाशक’ म्हणणे हेच यथार्थ होय.