मानसोल्लासातील मधूच्छिष्टविधान : काही शंका

कोल्हापूरचे शिलाहार ज्यांचे मांडलिक होते, त्या कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसऱ्या सोमेश्वराचा ‘मानसोल्लास’ इ. स. ११३१ च्या सुमाराचा. त्यातील मूर्ती ओतण्याचे प्रकरण आपण वर्णन म्हणून वाचतो. ते हिशेब म्हणूनही वाचावयास हवे. मेणाच्या ८ पट तांबे वा पितळ, १२ पट रुपे, १६ पट सोने घ्यावे, असे ग्रंथकार सांगतो. परंतु मेण पाण्याहून किंचित हलके आणि शुद्ध सोने पाण्याच्या १९ पटींहून जड. तेव्हा साचा भरावयास सुमारे २० पट सोने हवे. सोने हिणकस मानल्यास १६ चा मेळ बसतो, रुप्यास ११ पटही पुरते. तांब्यास मात्र ९ पटींहून अधिक लागते, आणि मेणात राळ मिसळली तरी ही तूट भरून निघत नाही. चाराचाराने चढणारे हे अंक तराजूपेक्षा पाठांतरास अधिक सोयीचे वाटतात!

मातीच्या तीन लेपांविषयी, अगदी सावलीत वाळविण्यापर्यंत, ग्रंथ बारकाईने बोलतो. साचा किती वेगाने तापवावा, याविषयी तसे बोलत नाही. तापक्रम आधी नेमून द्यावयाच्या आजच्या विद्युत् भट्टीत सारे त्यावरच अवलंबून असते. जिप्समचा साचा प्रथम १५० अंशांच्या आसपास थोपवून मेण काढतात, मग सावकाश ७३० पर्यंत नेतात. घाई केल्यास वाफेने साचा तडकतो; ७५० च्या पुढे उरलेल्या काजळीमुळे त्यातून गंधकाचा वायू सुटतो, आणि हुपरीच्या कारागिराचे रुपे काळे पडते.