गाजावाजा आणि गाभा

‘ॲव्हेंजर्स : एंडगेम’ या २०१९ च्या चित्रपटाचा जेवढा गाजावाजा झाला, तेवढा क्वचितच एखाद्या कलाकृतीच्या वाट्याला येतो. २००८ च्या ‘आयर्न मॅन’पासून सुरू झालेल्या मालिकेतील हा बाविसावा चित्रपट. तीन तासांची लांबी, महानायकांची भाऊगर्दी आणि जगभरात सुमारे २८० कोटी डॉलरांची कमाई! परंतु चित्रपट या गाजावाजाला उतरतो काय?

आमच्या मते तो उतरतो, पण अर्धाच. आणि तोही अनपेक्षित जागी. थॅनॉसने निम्मी जीवसृष्टी नाहीशी केल्यानंतरचा पहिला तास आम्हांला सर्वांत सरस वाटला. तेथे लढाई जवळजवळ नाहीच; मागे उरलेल्यांचे मुके दुःख आहे. शोकग्रस्तांच्या लहानशा बैठकीत धीर देणारा स्टीव्ह रॉजर्स ढाल उगारणाऱ्या स्टीव्हपेक्षा मोठा भासतो. रुसो बंधूंच्या दिग्दर्शनाचे बळ या संयमात आहे.

शेवटचे महायुद्ध डोळे दिपवते, मन हलवत नाही. शिवाय गेलेली माणसे पाच वर्षांनी परततात, तेव्हा मधल्या काळात ज्यांनी अश्रू पुसून नवे संसार थाटले, त्यांचे काय? टोनी स्टार्क हा प्रश्न आपल्या लेकीपुरता मांडतो. इतरांसाठी तो कोणीच विचारीत नाही. मरण इतके सहज परतवता आले, तर शोकाला अर्थ तो काय उरला? म्हणूनच टोनीचा मृत्यू मनाला भिडतो. तो परतवला जात नाही.

जाहिरातींनी भव्यता विकली. आमच्या स्मरणात राहिली ती मात्र पहिल्या तासातील शांतता.