मनुष्यबळ कोणाचे, व्यवस्थापन कोणाचे?

व्यवस्थापनशास्त्र आता आपल्या भागातल्या महाविद्यालयांतही शिकवले जाते. या शास्त्राने माणसाला 'मानव संसाधन' असे नाव दिले आहे. केंद्र सरकारने १९८५ मध्ये शिक्षण खाते ज्या मंत्रालयात घातले, त्यालाही हेच नाव होते. २०२० मध्ये ते पुन्हा शिक्षण मंत्रालय झाले. पाटी बदलली, शब्दामागची दृष्टी बदलली काय? कोळसा, बांबू, तेंदूपान ही संसाधने. आणि ती काढणारा माणूसही संसाधनच! १९८२ पर्यंत एकच जिल्हा असलेल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या माणसाने हा शब्द तपासल्यावाचून स्वीकारू नये.

या शास्त्राचा एक आद्य प्रवर्तक अमेरिकेतला फ्रेडरिक टेलर. त्याच्या १९११ च्या पुस्तकाचा गाभा असा, की कामाचा विचार एकाने करायचा आणि काम दुसऱ्याने. पुढच्या पंडितांनी प्रेरणा, मूल्यमापन, प्रशिक्षण यांची भर घातली. पण ही फारकत सहसा मोडली नाही. तिकडे ती कारखान्याने केली. आपल्याकडे जातीने ती केव्हाच करून ठेवली होती, वर तिला धर्माचा आधारही दिला होता. जात ही कामाची नव्हे तर काम करणाऱ्यांचीच उतरंडीची विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ साली 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये दाखवून दिले. आमच्या व्यवस्थापन-पंडितांना मात्र टेलर दिसतो, जात दिसत नाही.

तेंदूच्या हंगामातली फळी पाहा. पहाटे पाने तोडायची, दुपारी सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायचे, संध्याकाळी फळीवर न्यायचे. कामावर दाम, मालाची प्रत, रोजची नोंद: पुस्तकातली सगळी साधने इथे पुस्तकाच्या आधीपासून आहेत. पण ठेकेदाराच्या फळीवर पुडे मोजणारा त्याचा मुन्शी, खराब ठरवणारा तोच, वहीत लिहिणाराही तोच. पान तोडणाऱ्या बाईला त्या वहीत डोकावता येत नाही. साधन कोणाच्या हातात, हा प्रश्न 'उत्तम साधने कोणती' या प्रश्नाच्या आधीचा आहे.

धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गावाने तो विचारला. वनहक्क कायद्याने २००६ मध्ये बांबू गौण वनोपज ठरवला. २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरीही बांबूच्या वाहतूक परवान्यासाठी २०११ च्या एप्रिलपर्यंत झगडावे लागले. त्यानंतर तोड किती करायची, मजुरी काय द्यायची, माल कोणाला विकायचा, हे ग्रामसभा ठरवू लागली. तिथे निर्णय सर्वसहमतीने होतो आणि त्याआधी अभ्यासगटात चर्चा होते. ज्याने कुऱ्हाड चालवायची, त्यानेच विचारही करायचा. टेलरची फारकत इथे मोडते.

मात्र मेंढ्याचा जयजयकार करून थांबणे ही चिकित्सा नव्हे. मेंढा हे गोंडांचे, बरेचसे एकजिनसी गाव आहे. अनेक जातींच्या गावात सर्वसहमती म्हणजे दुबळ्यांचे मौन ठरू शकते. जमीनदाराकडे उद्या कामाला जायचे असेल, तर आज सभेत हात वर कोण करील? म्हणून अशा गावात कसोटी एकच: भूमिहीन दलित बाईने हिशेबाची वही मागितली, तर ती मिळते काय, आणि तिच्या हरकतीचे उत्तर दिल्यावाचून सभा पुढे जात नाही ना? उत्तर नकारार्थी असेल, तर ठेकेदार गेला आणि त्याच्या जागी गावच बसले, एवढाच फरक.

१९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. सरकार, मालक आणि कामगार यांची त्रिपक्षीय परिषद त्याच वर्षी भरू लागली. तिच्यात कामगाराला पक्ष मानले होते. पक्षाला मत असते, संसाधनाला नसते. शिक्षकांनी टेलर जरूर शिकवावा. त्याबरोबर विद्यार्थ्यांना फळीवर आणि रोजगार हमीच्या कामावर पाठवून एवढेच विचारायला सांगावे: हजेरीपट कोण लिहितो, आणि तो कोणाला वाचता येतो?