आधी आलेला माल आधी बाहेर?

गोदामातील संगणक आणि बारकोड यांची माहिती मुलांना देताना एक नियम हमखास सांगितला जातो: जो माल आधी आला, तो आधी बाहेर काढावा. नियम सोपा आहे; पण तो सरसकट सांगणे आम्हाला मान्य नाही.

रत्नागिरीजवळ भाट्ये येथे १९५५ पासून नारळ संशोधन केंद्र आहे. तेव्हा उदाहरण नारळाचेच घेऊ. बियाण्याचा नारळ जिवंत असतो. आतले पाणी आटले की उगवणशक्ती जाते, म्हणून तो सावलीत, वाळूत ठेवतात. उंच जातींचे नारळ असे सुमारे दोन महिने ठेवता येतात. ठेंगू जातींचे मात्र महिन्याच्या आत रुजत घालावे लागतात.

समजा, उंच जातीचे नारळ १ तारखेला आले, ठेंगू १० तारखेला. आणि रोज थोडेच रुजत घालता येतात. वरच्या नियमाने ठेंगू नारळ रांगेतच वाया जातील. क्रम ठरावा तो कोणाची मुदत आधी संपते यावरून.

संगणक हा हिशेब क्षणात करील, पण जात आणि तोडणीची तारीख अचूक नोंदवली असेल तरच. जातीची नोंद चुकली, तर ते बागायतदाराला कळणार झाड फळाला आल्यावर, काही वर्षांनी!

शिक्षकांनी वीस चिठ्ठ्यांवर जात व तारीख लिहून मुलांना द्यावी. दोन्ही नियमांनी क्रम लावून किती नारळ वाया जातात, ते त्यांनाच मोजू द्यावे.