शतकाचे माप आणि शांताबाईंचा ‘जल्म’

दलित आत्मकथनांवर एक आक्षेप वारंवार घेतला जातो. त्यांत महारवाडा आहे, भूक आहे, अपमान आहे. पण विसावे शतक कुठे आहे? दोन महायुद्धे झाली, रशियात क्रांती झाली, साम्राज्ये कोसळली. त्यांची चाहूल या लेखनात लागत नाही, असे म्हणतात. हा आक्षेप मला शांताबाई कांबळे यांच्या ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ (१९८६) या पुस्तकावर घासून पाहायचा आहे.

शांताबाईंचा जन्म १९२३ चा, सोलापूर जिल्ह्यातील महूदचा. जानेवारी २०२३ मध्ये त्या वारल्या तेव्हा शंभरीला महिनाभरच उणा होता. त्यांच्या जन्मसाली म्युनिकमध्ये हिटलरचा पहिला उठाव फसला. इतिहास ते साल त्यासाठी लक्षात ठेवतो. पण त्याच ऑगस्टमध्ये मुंबई कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत झाला. सार्वजनिक विहिरी आणि शाळा अस्पृश्यांना खुल्या झाल्या. खुल्या झाल्या त्या कागदावर. या मुलीला त्यानंतरही वर्गाबाहेर बसूनच शिकावे लागले.

१९४२ म्हटले की ‘छोडो भारत’ आणि स्टालिनग्राड. त्याच साली शांताबाई शिक्षिका झाल्या. त्याच जुलैत नागपूरला सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिलांची परिषद भरली. जिला वर्गात जागा नव्हती ती वर्गासमोर उभी राहिली. साम्राज्य कोसळणे म्हणतात ते याहून वेगळे काय असते?

एरिक हॉब्सबॉम यांच्या आत्मचरित्रात १९३३ चे बर्लिन येते, कारण ते तेव्हा तिथे शाळेत होते. लेखक उभा असतो तिथूनच त्याला शतक दिसते. हॉब्सबॉमना महूद दिसले नाही म्हणून त्यांना कोणी संकुचित म्हणत नाही.

मात्र आपल्याही समीक्षकांनी दोन सनावळ्या शेजारी मांडून थांबू नये. त्यांतला दुवा शोधावा. आमच्या वाशीमकडची जुनी माणसे जन्मसाल आकड्यात सांगत नसत. ‘मानमोडीच्या साली’ म्हणत. मानमोडी म्हणजे १९१८ चा इन्फ्ल्यूएंझा. महायुद्धाच्या काळात तो मुंबई बंदरात उतरला, देशभर पसरला आणि त्याने एक कोटीहून अधिक माणसे नेली. मानमोडीत धनी गेला असे एखादी म्हातारी सांगे, तेव्हा ती महायुद्धाच्या काळाचाच एक भाग सांगत असे. घटनेचे नाव मात्र तिने आपले ठेवले होते.

तेव्हा या लेखनात जग नाही, हे म्हणणे मला मान्य नाही. जग आहे, ते बोलीतल्या नावाने आले आहे. ती नावे ओळखणे आणि त्यांना साल लावणे, हे समीक्षेचे काम आहे. ते केल्याशिवाय आक्षेप घेण्याचा अधिकार कोणालाही मिळत नाही.