काळी, पांढरी आणि नगरपालिका

भारतीय संविधानाच्या ७४व्या दुरुस्तीने १९९२ साली नागरी स्थानिक संस्थांचे तीन प्रकार ठरविले. महानगरपालिका आणि नगरपरिषद हे दोन प्रकार परिचयाचे होते. तिसरा, नगरपंचायत हा प्रकार ज्या क्षेत्रासाठी योजला आहे त्याचे वर्णन मात्र लक्षवेधी आहे. ग्रामीण अवस्थेतून नागरी अवस्थेकडे संक्रमण करीत असलेले क्षेत्र, असे ते वर्णन आहे. गाव आणि शहर यांच्यामध्ये आणखी एक अवस्था असते आणि ती काही वर्षे टिकते, हे कायद्याला मान्य करावे लागले. मराठी साहित्यविचाराने ते अद्याप पुरतेपणी मान्य केलेले नाही. आपल्याकडे ‘ग्रामीण’ आणि ‘नागर’ ही दोन दालने आहेत आणि महानगरीय साहित्याचे तिसरे दालनही साठोत्तरी काळात उघडले गेले. परंतु ज्या गावाला एके दिवशी राजपत्रातील अधिसूचनेने नगर ठरविले जाते, त्या गावाचे साहित्य कोणत्या दालनात ठेवावे, हा प्रश्न समीक्षेने फारसा विचारलेला नाही. तसे साहित्य मुळात थोडे आहे, हे त्याचे एक कारण. ते थोडे का आहे, हा येथे विचारार्थ घेतलेला प्रश्न आहे.

मराठी कादंबरीचे कथानक बहुधा कोणाच्या तरी जाण्याने किंवा येण्याने सुरू होते. ‘बनगरवाडी’मध्ये (१९५५) शाळामास्तर वाडीवर येतो. मधु मंगेश कर्णिकांच्या ‘माहीमची खाडी’तील (१९६९) माणसे निरनिराळ्या वाटांनी मुंबईच्या काठाला येऊन लागलेली आहेत. विश्वास पाटील यांच्या ‘झाडाझडती’त (१९९१) धरणामुळे गाव उठते आणि माणसे नव्या जागी फेकली जातात. या प्रत्येक कृतीत स्थलांतर हा कथेचा कणा आहे. जुनी जागा मागे राहते, नवी पुढे येते आणि दोहोंमधले अंतर हेच दुःखाचे माप होते. धरणग्रस्तांच्या कहाणीला कादंबरीचा आकार सापडला याचे रहस्य थोडेफार येथे आहे. पाणी चढते त्याला दिवस असतो, वार असतो. गाव सोडण्याचा एक क्षण असतो.

गावाचे शहर होते तेव्हा असा क्षण नसतो. माणूस हलत नाही. त्याचे घर, त्याचा उंबरा, दारातले तुळशीवृंदावन जागच्या जागी राहते आणि शहर त्याच्याकडे चालत येते. बुडालेल्या गावाविषयी आक्रोश करता येतो. वाढलेल्या गावाविषयी काय करावे, हे गावालाही उमगत नाही, कारण जमिनीच्या वाढत्या भावात त्याचाही हात गुंतलेला असतो. या अनुभवात हानी आणि लाभ एकाच घरात, पुष्कळदा एकाच माणसात नांदतात. शोकात्म कथानकाच्या सवयीला हे पेलणारे नाही.

या अवस्थेचे सर्वांत स्पष्ट उदाहरण ठाणे खाडीच्या पूर्वेस आहे. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे व तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यांतील ९५ गावांच्या जमिनीवर नव्या मुंबईचा आराखडा मांडला गेला. शेती आणि मिठागरे संपादनात गेली. गावठाणे मात्र जागेवर राहिली. जानेवारी १९८४मध्ये उरण परिसरात मोबदल्यासाठी झालेल्या आंदोलनावर गोळीबार झाला आणि पाच जण मृत्युमुखी पडले. त्या लढ्यातून विकसित जमिनीच्या साडेबारा टक्क्यांचे तत्त्व पुढे आले. १ जानेवारी १९९२ रोजी महानगरपालिका अस्तित्वात आली. आज त्या शहराच्या सरळ आखलेल्या विभागांमध्ये जुनी आगरी-कोळी गावठाणे बेटांसारखी दिसतात. गल्ल्या अरुंद, घरे एकमेकांवर चढलेली, मधोमध ग्रामदैवताचे देऊळ, आणि सभोवार शहर.

या दृश्याचा अर्थ लावण्याची परिभाषा मराठीत फार पूर्वीच तयार झाली होती, ही गोष्ट विसरली जाते. त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गांव-गाडा’ १९१५ साली प्रसिद्ध झाला. आत्र्यांनी गावाचा विचार ज्या जुन्या जोडीच्या आधारे केला ती म्हणजे काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची जागा. पांढरी काळीवर जगते आणि काळी पांढरीतल्या हातांनी कसली जाते. कुणब्याच्या खळ्यावर बलुतेदार, अलुतेदार आणि फिरस्ते या सर्वांचा हक्क पोचतो, तो या नात्यामुळेच. नव्या मुंबईत काळी गेली आणि पांढरी उरली. एवढ्या एका वाक्यात तेथील गावठाणांची कहाणी सामावते, आणि हे वाक्य आत्र्यांच्या शब्दसंपत्तीशिवाय लिहिता आले नसते. काळीवाचून पांढरी म्हणजे काय, हा प्रश्न खुद्द आत्र्यांसमोर नव्हता. त्यांच्या दृष्टीने ती कल्पनाच अशक्य होती.

‘गांव-गाडा’ हा हरवलेल्या सुवर्णकाळाचा ग्रंथ म्हणून वाचण्याची प्रथा पडली आहे. ती ग्रंथाला न्याय देत नाही. आत्रे महसूल खात्यातले अधिकारी. गावाच्या प्रेमात असूनही त्यांनी कुणब्याच्या माथी बसणाऱ्या आयतखाऊ हक्कदारांचा हिशेब कठोरपणे मांडला. त्यांच्या लेखी गाव म्हणजे देण्याघेण्याची एक यंत्रणा आहे. ही दृष्टी स्वीकारली की नगरपालिका होणे म्हणजे नेमके काय, हेही कळू लागते. कोण कोणाचे देणे लागतो, याचा जमाखर्च तेथे बदलतो. बलुत्याच्या जागी घरपट्टी येते, पंचांच्या जागी मुख्याधिकारी, आणि शिवेच्या जागी हद्द. शीव म्हटली की तिचा देव असतो, तिच्यावर नारळ फुटतो. हद्दीला केवळ नकाशा असतो.

हा जमाखर्च सर्वांसाठी एकाच दिवशी बदलला नाही, हेही ध्यानात घ्यावे लागते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत खेड्याच्या उदात्तीकरणावर कठोर प्रहार केला होता. कनिष्ठ गावकामगार वतने नष्ट करणारा मुंबई राज्याचा कायदा १९५८चा. म्हणजे महार समाजाच्या दृष्टीने गाडा मोडण्याची क्रिया नगरपालिकेच्या कितीतरी आधी, स्वतःच्या चळवळीच्या बळावर सुरू झालेली होती. दया पवार यांनी आपल्या आत्मकथनाला ‘बलुतं’ (१९७८) हे नाव दिले. आत्र्यांच्या यंत्रणेतला एक पारिभाषिक शब्द त्यामुळे अपमानाच्या स्मृतीने भरून गेला. गावाच्या नगर होण्यावर लिहिणाऱ्या कोणत्याही लेखकाला हे दोन्ही ग्रंथ शेजारी ठेवूनच लिहावे लागेल. नुसती हळहळ त्याला परवडणारी नाही.

आत्र्यांनी कोणा एका गावाचे चित्र काढले नव्हते. ते काम ना. गो. चापेकरांनी केले. न्यायखात्यातून निवृत्त झालेल्या चापेकरांचे ‘बदलापूर’ १९३३ साली प्रसिद्ध झाले. पुढल्याच वर्षी बडोद्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. गावाची घडण, जाती, व्यवसाय, राहणी, चालीरीती आणि समजुती यांची साक्षीपुराव्यासारखी नोंद करणारा हा ग्रंथ समाजशास्त्राच्या इतिहासात उल्लेखिला जातो. साहित्याच्या इतिहासात त्याची बोळवण एका ओळीत होते. वास्तविक गद्याच्या दृष्टीनेही तो मोलाचा आहे. चापेकरांची वाक्ये कोरडी आहेत आणि तो कोरडेपणा या विषयाला मानवतो. न्यायाधीशाने साक्षीदाराला बोलू द्यावे तसे ते गावाला बोलू देतात. त्यांची मर्यादाही याच वृत्तीतून येते. गाव त्यांच्यासमोर स्थिर उभे आहे. उल्हास नदीच्या काठचे हे गाव लोहमार्गावर होते आणि मुंबई गाडीच्या अंतरावर होती. परंतु त्या मार्गावरून काय येऊ घातले आहे, हा त्यांच्या चौकशीचा विषय नव्हता.

जे आले ते अलीकडचे आहे. १९८३ साली कल्याण महानगरपालिका झाली तेव्हा बदलापूर तिच्या हद्दीत गेले. १९९०च्या दशकात ते बाहेर पडले आणि कुळगाव-बदलापूर नगरपरिषद अस्तित्वात आली. २०११च्या जनगणनेत तिची लोकसंख्या पावणेदोन लाखांच्या घरात होती. ज्या ग्रंथात एक गाव मोजून मापून ठेवले आहे, त्या ग्रंथाचे वाचन आता अपरिहार्यपणे बदलते. चापेकरांनी ज्या गोष्टी सर्वसाधारण म्हणून नोंदविल्या त्या आज दुर्मिळ वाटतात, आणि वर्णन म्हणून लिहिलेले वाक्य साक्ष म्हणून वाचले जाते. लेखकाने न योजलेला हा अर्थ काळाने त्याच्या ग्रंथात घातला आहे.

ललित साहित्यात या संक्रमणाच्या सर्वांत जवळ जाणाऱ्या दोन कादंबऱ्या एकाच वर्षी, १९७१ साली आल्या: आनंद यादवांची ‘गोतावळा’ आणि रा. रं. बोराडे यांची ‘पाचोळा’. पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी या गावांची मिळून नगरपालिका झाली ती त्याच्या आदल्याच वर्षी. हा निव्वळ योगायोग, पण काळाची एकच हवा दोन्हीकडे वाहत होती. पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५४ साली उभा राहिला, पाठोपाठ औद्योगिक वसाहत आली, आणि मोरया गोसावींच्या समाधीचे चिंचवड कारखान्यांच्या भोंग्यावर जागे होऊ लागले.

‘गोतावळा’तील नारबा मळ्यावरचा गडी आहे. गुरेढोरे, झाडे आणि पाखरे हाच त्याचा गोतावळा आहे. मळ्यात ट्रॅक्टर येतो आणि बैल निरुपयोगी ठरतात. नारबा कोठेही गेलेला नाही. त्याच्या पायाखालची काळी तीच आहे. तरी त्याचे जग नाहीसे होते. जागेवर राहून विस्थापित होण्याचा अनुभव मराठीत इतक्या शुद्ध रूपात क्वचितच आला असेल. ‘पाचोळा’त हेच एका शिंप्याच्या घरात घडते. तेथे यंत्राऐवजी कपड्याची बदललेली फॅशन येते. पिढीजात हाताला नवा बेत जमत नाही आणि गिऱ्हाईक दुसरीकडे वळते. निवेदन शिंप्याच्या बायकोकडे आहे. तिला जे दिसते ते उंबऱ्याच्या आतून आणि जे कळते ते घरात आलेल्या बोलण्यातून. बाजारपेठेचा सिद्धान्त तिला ठाऊक नाही. नवरा आज गप्प का, एवढेच तिला समजून घ्यायचे आहे. बोराड्यांचे मोठेपण असे की त्यांनी तिच्या आकलनाबाहेरची एकही गोष्ट तिच्या तोंडी घातली नाही.

आणि तरीही या दोन्ही कादंबऱ्या ज्या ठिकाणी थांबतात ते ठिकाण सूचक आहे. दोहोंचे निवेदन सर्वस्वी बोलीत आहे. १९६०नंतरच्या ग्रामीण साहित्याने बोलीची प्रतिष्ठा लढून मिळविली आणि त्या लढ्याचे श्रेय निर्विवाद आहे. पण त्याच काळात मराठीत आणखी एक भाषा घडत होती. १९६४च्या राजभाषा अधिनियमानंतर शासनव्यवहाराची मराठी आकार घेऊ लागली. सात-बारा, फेरफार, अकृषिक परवानगी, नगर भूमापन, गुंठेवारी हे तिचे शब्द. गावाचे नगर होते ते या भाषेत होते. नोटीस या भाषेत येते, हरकती या भाषेत मागविल्या जातात, आणि मुदत संपते तीही याच भाषेत. नारबाच्या किंवा शिंपिणीच्या निवेदनात या भाषेला दार नाही, कारण ती आली तर बोलीचा एकसंधपणा भंगेल. ग्रामीण कादंबरीने जी शुद्धता आपले बलस्थान मानली, तिनेच या विषयाची वाट अडविली असे म्हणावे लागते. आत्रे आणि चापेकर यांच्या गद्यात मात्र कचेरी आणि चावडी यांचे शब्द सहज शेजारी बसतात. एक महसुलातला, दुसरा न्यायासनावरचा. दोघांनाही दोन्ही भाषा रोज ऐकाव्या लागत होत्या.

अन्य भारतीय भाषांकडे पाहिले की ही अडचण अटळ नव्हती, हे दिसते. तकळी शिवशंकर पिळ्ळै यांच्या मलयाळम ‘कयर’ (१९७८) या प्रचंड कादंबरीच्या आरंभी जमिनीची प्रतवारी लावणारा सरकारी अधिकारी गावात येतो. कोणती जमीन कोणाची, हे कागदावर ठरण्याचा क्षणच तेथे महाकथेचा आरंभबिंदू आहे. श्रीलाल शुक्ल यांच्या हिंदी ‘राग दरबारी’त (१९६८) शिवपालगंज हे धड गाव नाही आणि धड शहरही नाही. महाविद्यालय, सहकारी संस्था आणि पंचायत ही तेथली खरी पात्रे आहेत. शुक्लांनी सरकारी हिंदी आणि अवधी वळणाची बोली यांना समोरासमोर उभे केले आणि त्या घर्षणातून विनोद काढला. त्यांचा उपहास काही वेळा थकवितो, माणसांना फार लवकर निकालात काढतो. परंतु दोन भाषांचे जगणे एकाच पानावर आणण्याचे धैर्य त्यात आहे. मराठीत हे धैर्य कथेने अधूनमधून दाखविले आहे, कादंबरीने कमी.

सामग्रीची तर वाण नाही. नगराला द्यावयाच्या नावाचाच प्रश्न पाहावा. पिंपरी-चिंचवड, कल्याण-डोंबिवली, मीरा-भाईंदर, वसई-विरार, सांगली-मिरज-कुपवाड ही महाराष्ट्रातील नागरी संस्थांची नावे जोडचिन्हांनी शिवलेली आहेत, आणि प्रत्येक शिवणीखाली कोणाचे नाव आधी यावे, याचा इतिहास आहे. आकुर्डी आणि भोसरी ही मूळ चार गावांपैकी दोन, पण नगराच्या नावात त्यांना जागा मिळाली नाही. चापेकरांच्या गावाबाबत तर उलटाच प्रकार झाला. रेल्वेच्या फलकावर केवळ बदलापूर आहे. नगरपरिषदेच्या फलकावर कुळगाव पहिले येते आणि बदलापूर त्याच्या मागून.